कोटाच्या खिशातला सर्व्हर

माझ्या नवऱ्याचा आवाज एका मंगळवारी सकाळी सात वाजता बंद पडला. नवरा त्याच्या चौदा महिने आधी गेला होता.

हे मी सोसायटीच्या ऑफिसात जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा सेक्रेटरी जयदीपने हातातला कप खाली ठेवला, मला खुर्ची दिली आणि फार हळू आवाजात विचारलं, "काकू, घरी कोण असतं तुमच्याबरोबर?" समोरच्याचं डोकं फिरलंय अशी शंका आली की लोक आवाज हळू करतात. मी सदतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं आहे. माझ्याशी कुणी हळू आवाजात बोललेलं मला खपत नाही.

"एकटीच असते," मी म्हटलं. "सकाळी सातला आणि दुपारी साडेतीनला हे असतात. म्हणजे असायचे. तुम्ही नवीन वाय-फाय बसवलंत आणि गेले."

जयदीपने तो चहा नंतरही प्यायला नाही.

आता नीट सांगते. आमचे हे, मालोजी, चिंचवडच्या कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी आणि पाळ्यांच्या वेळा बघायला होते. कंपनीला नाव होतं, पण ते पगाराच्या पाकिटावर. बाकी सगळे नुसतं कंपनी म्हणत. तिथला भोंगा ह्यांच्या हातात होता. सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा. त्या भोंग्यावर आसपासच्या चाळींतले कुकर चढायचे आणि पोरं शाळेला निघायची. एकदा भोंगा चार मिनिटं उशिरा झाला आणि माझा अर्धा वर्ग उशिरा आला. मुलांना मी काही बोलले नाही. बोलायचं ते संध्याकाळी घरी बोलले.

पुढे कंपनी बंद पडली. शेवटच्या दिवशी शेवटचा भोंगा ह्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला. त्या जागेवर चौदा मजली इमारत उभी राहिली आणि आम्ही तिथेच सातव्या मजल्यावर राहायला आलो. इमारतीचं फाटक कंपनीच्या फाटकाच्याच जागी आहे. कंपनीतली आणखी चार-पाच माणसं इथे राहतात. त्यांचा पत्ता सांगताना आम्ही ए विंग, बी विंग असं म्हणत नाही, त्या जागी कंपनीचं जे खातं होतं ते सांगतो. भिमाजी प्रेस शॉपवर राहतो, आम्ही टाइम ऑफिसवर. सकाळी कधी कधी जिन्यात तेलाचा, लोखंडाच्या किसाचा वास येतो. सगळ्यांना येतो. कुणी बोलत नाही, कारण फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होतो.

मग ह्यांच्या घशाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज जाईल. तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. त्या पंधरा दिवसांत ह्यांनी फोनसमोर बसून स्वतःच्या आवाजात त्रेसष्ट नोंदी करून ठेवल्या. पहिला तो जुना भोंगा, आणि मग वाक्यं. उरलेल्या आयुष्यात आपल्याला काय काय बोलावं लागेल याचा ह्यांनी अगदी टाइम ऑफिसच्या शिस्तीत विचार केला होता. 'डाळीत मीठ नाही.' 'पंखा कमी कर.' 'मी इथेच आहे.' 'कोण आलंय?' मी म्हटलं, एखादं गोड वाक्य करा की. त्यावर 'चहा चांगला झालाय' हे एक वाढवलं.

फोनवर ह्यांनी एक ॲप घेतलं होतं. ते फोनलाच सर्व्हर करतं. सर्व्हर म्हणजे काय, ते ऑपरेशननंतर ह्यांनी मला पाटीवर लिहून समजावलं: 'साधा फोन नेहमी मागतो. सर्व्हर देतो.' गॅलरीत बसून हे फोनवर बोट ठेवायचे आणि स्वयंपाकघरातला स्पीकर ह्यांच्या आवाजात बोलायचा. एकाच खोलीत असलो तर एवढा खटाटोप नव्हता. हातात चमचा, पुढ्यात स्टीलचा पेला. एकदा टक म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो. चाळीस वर्षांच्या संसारात मला इतकी स्पष्ट उत्तरं कधी मिळाली नव्हती.

दीड वर्षाने हे गेले. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर फोन ह्यांच्या हातातून पडला आणि त्याची काच काळी झाली. बोट लावून काही होईना. पण आत तो जिवंत होता. दहाव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना बरोबर सात वाजता स्वयंपाकघरातून आवाज आला, "मंजुळा, सात वाजले. गोळी घे." साताऱ्याचे तीन पाहुणे पोहे न खाता गेले.

मी गोळी घेतली. दुपारी साडेतीनला भोंगा झाला, मी चहा टाकला. ह्यांनी त्या दोन वेळा ॲपमध्ये लावून ठेवल्या होत्या आणि त्या बंद करायला आता काच नव्हती. तळेगावहून मुलगी योगिनी आली की म्हणायची, "आई, भीती नाही वाटत?" कसली भीती? हयात असतानाही हे एवढंच बोलत होते. फोन मी ह्यांच्या कंपनीच्या निळ्या कोटाच्या खिशात ठेवला, कोट कपाटात टांगला आणि मागच्या फळीला भोक पाडून चार्जरची वायर आत घेतली. बाहेर ठेवला असता तर आवाज एका तुटक्या फोनमधून येतोय हे रोज दिसलं असतं. कपाट बंद असलं की तो नुसता घरातून यायचा.

तर तो मंगळवार. सात वाजले. सात वाजून एक मिनिट झालं. स्पीकरचा निळा दिवा लागलेला होता, म्हणजे तो ऐकत होता आणि त्याला कुणी काही सांगत नव्हतं. मी गोळीचं पाकीट हातात धरून साडेआठपर्यंत उभी होते. घर इतकं शांत झालं होतं की कपाटात हँगर हलल्यासारखा वाटला. उघडून पाहिलं. कोट होता. खिसा गरम होता.

झालं होतं ते असं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी 'फोन भाड्याने द्या आणि कमवा' असलं ॲप घेतलं. परदेशातली अनोळखी माणसं त्याच्या फोनमधून आत शिरून भलतीकडे बाहेर पडायला लागली आणि एक दिवस पोलीस इमारतीच्या दारात. त्यानंतर कमिटीने नवीन नेटवर्क घेतलं. नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, नियम मात्र नवीन: एका घरातलं यंत्र दुसऱ्या यंत्राला दिसणार नाही, आणि कुठल्याही मोबाइलला सर्व्हर होता येणार नाही. फोनने मागावं, देऊ नये. लिफ्टमध्ये तसा कागदच लावला होता. म्हणजे ह्यांचा आवाज कपाटात सात वाजता निघत होता आणि दारात अडवला जात होता. चौदा महिने रोज येणाऱ्या माणसाला वॉचमनने ओळख विचारावी तसं.

आमच्या शेजारी शालनबाई राहतात. कंपनीसाठी जी शेतं घेतली त्यांत त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं, आणि हे त्या दिवसातून दोनदा तरी सांगतात. त्यांना मी हे सगळं सांगितलं नव्हतं. त्यांनी भिंतीतून ऐकलं होतं.

"मास्तरीणबाई, त्यो भोंगा बंद झाला व्हय?"

"नेटवर्कचा नियम बदललाय," मी म्हटलं.

"न्हाई न्हाई. आमचा सासरा आडवा आला आसंल. त्येला भोंगा कंदीच आवडला न्हाई. जमीन आमची व्हती, बाई."

"तुमचे सासरे वाय-फाय अडवतात?"

"मेल्यालं मानूस बोलतंय म्हनल्यावर मेल्यालं मानूस आडवनारच की. त्यात काय इशेष?"

या तर्कात गणिताच्या शिक्षिकेला चूक काढता आली नाही याचं मला वाईट वाटलं. आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून भज्यांचा वास येत होता. भजी माझ्या लोखंडी कढईत तळली जात होती. ती कढई त्यांनी एका संक्रांतीला नेली होती आणि त्यानंतर दोन संक्रांती झाल्या होत्या. पण ते जाऊ द्या.

जयदीपने मला 'उपकरण परवानगी अर्ज' दिला. नाव, फ्लॅट नंबर, उपकरणाचा मालक, मालकाची सही. सहीच्या जागी मी रेघ मारली. अर्ज परत आला. मग मी मृत्यूचा दाखला जोडला. जयदीपने तो प्रामाणिकपणे यादीत चढवला, आणि यादीत मालक मयत झाल्याबरोबर नेटवर्कने मालोजींच्या नावाची सगळी उपकरणं काढून टाकली. आतापर्यंत फोन निदान दारापर्यंत येत होता. आता तो दारापर्यंतही येईना.

"तुमच्याच कागदामुळे झालं काकू," जयदीप म्हणाला. तो चाकणला कंपनीत आहे आणि रात्रपाळी करून आलेला असला की खरं बोलतो.

मी दुसरा अर्ज केला: 'मालक मयत आहेत. उपकरण हयात आहे.'

"मग हयातीचा दाखला?" त्याने चेष्टा केली.

मी पेन्शनर आहे. दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचं लिहून देते आणि समोर बसलेली असूनही माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मला या बाबतीत चेष्टा कळत नाही. मी घरी आले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर फोन आज रोजी सकाळी अकरा वाजता माझ्यासमोर गरम आहे.' खाली सही. जयदीपने तो कागद फाइलला लावला.

अर्जात पुढचा रकाना होता: 'या सर्व्हरमध्ये काय साठवले आहे?' त्यासाठी मी ह्यांची डायरी काढली. ह्यांनी यादी करून ठेवलेली असणार याची खात्री होती, आणि होतीच. एक ते त्रेसष्ट, प्रत्येकापुढे वाक्य. तेवढं उतरवून मी डायरी मिटणार होते.

त्रेसष्टच्या खाली चौसष्ट असा आकडा होता. पुढे काही नव्हतं. शाई वेगळी होती, म्हणजे नंतर कधीतरी लिहिलेला. अक्षर ह्यांचंच.

नंतर म्हणजे कधी? ऑपरेशननंतर तर आवाज नव्हता. ज्या माणसाला आवाज नाही त्याने चौसष्टावं वाक्य कसं बोलून ठेवलं?

त्या दुपारी मी कपाटासमोर स्टूल घेऊन बसले. कोट आपला शांत होता. खिशाच्या कापडातून हिरवा ठिपका लुकलुकत होता, दर चार सेकंदांनी. आत एक गोष्ट होती जी ह्यांची मला सांगायची राहिली होती, आणि ती देणारा देऊ पाहत होता, आणि मागायची परवानगी मला नव्हती. मी जयदीपच्या मागे अशी लागले की तो लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागला.

शेवटी त्याने ज्ञानेशला पाठवलं. ज्ञानेश इमारतीचं नेटवर्क बघतो. राहतो मारुंजीला, नोकरी हिंजवडीत, आणि हे काम रविवारी करतो. पोरगा सभ्य. रविवारी दुपारी तीनला लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या मागोमाग शालनबाई, कुणी न बोलावता, हातात अडकित्ता.

"आजी, सर्व्हर कुठाय?"

मी कपाट उघडलं. ज्ञानेश एक पाऊल मागे सरकला. समोर निळा कोट, दोन्ही बाह्या सरळ, छातीवर ह्यांच्या नावाचा बिल्ला आणि खिशात हिरवा उजेड. त्याने हळूच खिशात हात घातला आणि लगेच काढला.

"आजी, हा सजीव वाटतोय."

"तसा दाखला मी दिलेलाच आहे."

त्याने रुमालाने फोन बाहेर काढला आणि त्याचा चेहरा बदलला. फोनचं पोट फुगलं होतं. "बॅटरी फुगलीये. हा आजच बंद करावा लागेल. पेट घेऊ शकतो."

"बंद करून नवी बॅटरी टाक."

"बंद केला की परत चालू होताना लॉकचा नंबर मागेल. काच नाही, नंबर टाकणार कुठे? एकदा बंद म्हणजे कायमचा बंद." त्याने लॅपटॉप उघडला. "मी आत्ता तासभर याला परवानगी देतो. आत काय असेल ते लॅपटॉपवर उतरवून घेऊ. पण हे ॲप फाइल देत नाही, नुसतं वाजवतं. सगळं एकदा वाजवावं लागेल, मी इकडे रेकॉर्ड करतो."

"चौसष्ट आधी वाजव."

"हे एकापासूनच सुरू होतंय, आजी. ओळीनेच जाणार."

टाइम ऑफिसचा माणूस. रांग मोडून कुणाला आत सोडेल?

ज्ञानेशने परवानग्यांचं कोष्टक उघडलं. 'कोण देणार' या रकान्यात ह्यांचा फोन टाकला. 'कुणाला देणार' हा रकाना रिकामा सोडला. रिकामा म्हणजे फक्त त्याचा लॅपटॉप, असं त्याला वाटलं. नेटवर्कच्या मते रिकामा म्हणजे सगळे. आणि आमच्या ह्यांनी, घरात स्पीकर दोन होते म्हणून, ॲपला सांगून ठेवलं होतं: जिथे जिथे स्पीकर दिसेल तिथे ऐकव.

साडेतीन वाजले.

भोंगा झाला. आमच्या स्वयंपाकघरात झाला, मग भिंतीपलीकडे शालनबाईंच्या टीव्हीत झाला, मग खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, जिन्यात, डक्टमध्ये. छप्पन्न घरांतून एकदम. तो मोबाइलमधला भोंगा राहिला नाही. जमिनीतून वर चढत यावा तसा आला, आणि माझ्या तोंडाला कंपनीच्या दिवसांतल्या चुलीच्या राखेची चव आली. शालनबाईंच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

"आला गं बया. उटला तुजा भोंगा."

इंटरकॉम वाजला. खाली वॉचमन समाधान. "आजी, गेटवर चार आजोबा येऊन उभे राहिलेत. डबे घेऊन. बूट घालून. दुसऱ्या पाळीला आत सोड म्हणतात. काय करू?"

"कोण कोण आहेत?"

"भिमाजी आजोबा पुढे आहेत. बिल्ला दाखवतायत."

भिमाजीला दोन वर्षांपासून बायकोचं, गिरजाबाईंचं, नावही आठवत नव्हतं.

आणि मग ह्यांचा आवाज सुरू झाला. घोगरा, घशातलं दुखणं लागलेला, सावकाश. "मंजुळा, सात वाजले. गोळी घे." छप्पन्न घरांत.

पुढे काय काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आठव्या मजल्यावर वर्षाली, लग्न होऊन तीन आठवडे झालेली, सासऱ्यांना उशिरा जेवायला वाढत होती. टीव्ही म्हणाला, "डाळीत मीठ नाही." सासूने चव घेतली. खरंच नव्हतं. चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट बंद असतो, मालक टीव्ही चालू ठेवूनच गावी जातात, चोरांसाठी. कुरिअरवाल्याने तिथली बेल दाबली आणि आतून आवाज आला, "कोण आलंय?" त्याने नाव सांगितलं. आतून उत्तर आलं, "दार लावून घे." पार्सल अजून जिन्यात पडलंय म्हणतात. जयदीप रात्रपाळी करून झोपला होता. त्याच्या उशाशी टीव्ही म्हणाला, "मी इथेच आहे." तो उठून बसला. टीव्ही म्हणाला, "मला सगळं ऐकू येतंय."

आमच्या घरात मी आणि ज्ञानेश नुसते पडद्यावरचे आकडे बघत होतो. बेचाळीस. त्रेचाळीस. फोनला जळक्या रबराचा वास यायला लागला होता.

"बंद करू का, आजी?" ज्ञानेशने विचारलं. "चूक झालीये माझी. सगळीकडे जातंय हे. रकाना बदलायचा तर मधेच तोडावं लागेल, आणि परत जोडेपर्यंत हा टिकेल असं वाटत नाही."

"चौसष्टपर्यंत थांब."

इंटरकॉम पुन्हा वाजला. "आजी, जयदीप साहेब खाली आलेत. नेटचा मेन डबा उघडतायत. फार तापलेत."

माझे गुडघे सात मजले उतरत नाहीत, आणि लिफ्ट कुणीतरी भीतीने मधेच थांबवून ठेवली होती. मी उभी राहिले आणि परत बसले. सदतीस वर्षांत मी कुणापुढे हात जोडले नव्हते. आता जोडायला समोर कुणी नव्हतं.

शालनबाईंनी अडकित्ता कमरेला खोवला. "कितवा चालू हाय?"

"शेहेचाळीस," मी म्हटलं.

"तू बस हितंच." आणि सत्तर वर्षांची ती बाई जिना उतरून गेली. समाधानने इंटरकॉम खाली ठेवलाच नव्हता, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

"हात लावायचा न्हाई डब्याला."

"मावशी, बाजूला व्हा. लोक घाबरलेत. मुलं रडतायत."

"रडू दे. ही जमीन आमची व्हती. डबा आमच्या जमिनीवर हुबा हाय."

"जमीन चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेली, मावशी!"

"गेली म्हनून काय झालं? त्यो मानूस बी गेलाय, बोलतोय का न्हाई?"

मागून भिमाजीचा खणखणीत आवाज आला, "ए पोरा, लायनीत ये. बिल्ला कुठाय तुझा?"

एकोणसाठ. साठ. "चहा चांगला झालाय." हे माझं. बासष्ट. त्रेसष्ट होतं "आता पुरे." मग पडद्यावर चौसष्ट आलं.

आधी नुसती खरखर. भांड्याचा आवाज. आणि मग एक बाई बोलायला लागली. मोठ्याने, तारस्वरात, वैतागून. मला क्षणभर कळेना कोण आहे ही. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकायला मिळत नाही.

"...संक्रांतीला नेली ती नेलीच! विचारलं तर म्हणते, जमीन आमची व्हती. कढई काय जमिनीतून उगवली होती का? अख्ख्या इमारतीची भांडी गोळा करून ठेवली असतील त्या शालनबाईने. आणि तिच्या हातची भजी म्हणजे नुसता सोडा. तुम्ही खाता आणि वर मान डोलावता! अहो, मी काय बोलतेय? ऐकताय ना?"

छप्पन्न घरांत. जिन्यात. खाली नेटच्या डब्यासमोर हात पसरून उभ्या असलेल्या शालनबाईंच्या डोक्यावरच्या लॉबीतल्या टीव्हीत.

मग रेकॉर्डिंगमध्ये शांतता. मग स्टीलच्या पेल्यावर चमचा. टक, टक.

संपलं.

ज्ञानेशने पडद्यावर बोट ठेवलं. ॲप प्रत्येक वाक्यापुढे ते किती वेळा वाजवलं ते दाखवत होतं. चौसष्टपुढे होतं चारशे बारा. हे गॅलरीत कानाला वायर लावून तासन् तास बसायचे. मला वाटायचं, क्रिकेट ऐकतात. त्यावरून मी बोलायची सुद्धा. ते बोलणंही ह्यांनी रेकॉर्ड केलं असतं, तर पासष्ट झाले असते.

मग ज्ञानेश धावला. फोन रुमालात गुंडाळून जिन्याने खाली नेला आणि फाटकाजवळच्या आगीच्या लाल बादलीत, वाळूत पुरला. समाधान सांगतो, थोडा धूर आला. दुसऱ्या पाळीचे चारही कामगार टोप्या काढून, डबे हातात धरून, धूर थांबेपर्यंत उभे राहिले. मग भिमाजीने गिरजाबाईंना नावाने हाक मारली, आणि ते घरी गेले.

कमिटीने मला नोटीस दिली. 'मोबाइलचा सर्व्हर म्हणून अनधिकृत वापर व त्याद्वारे सभासदाची बदनामी.' बदनामी या शब्दाखाली रेघ होती. मी उत्तरात लिहिलं की सोड्याबद्दलचं विधान खाजगी होतं आणि कढईबद्दलचं खरं आहे. पाच दिवस मी घराबाहेर पडले नाही. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी पुन्हा हळू आवाजात बोलतील याची भीती होती. भुताची नव्हती.

सहाव्या दिवशी शालनबाई आल्या. कढई पदराखाली झाकलेली. ती त्यांनी ओट्यावर आपटली.

"घे तुजी कढई. जमिनीतनं न्हाई उगवली."

"शालनबाई, मी ते..."

"सोडा जास्त पडतो, ठावं हाय मला. तुजं म्हातारं आवडीनं खायचं, म्हनून घालत व्हते." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आवाज मातुर तुजा झ्याक आला बग. आमच्या म्हाताऱ्यानं कुनाचा जपला न्हाई आसा."

ज्ञानेशने चौसष्ट आवाज एका छोट्या पेटीत घालून दिले आहेत. ही पेटी कुणाला काही देत नाही, बटण दाबलं तर वाजते. नियमात बसते. मी ती अजून दाबलेली नाही. गोळी मी सातला घेते, आपली आपण. कोट कपाटातच आहे, खिसा रिकामा.

परवा योगिनी मुलाबाळांसह सुट्टीला आली म्हणून शालनबाई तिला आणि मलाही आपल्या गावच्या जत्रेला घेऊन निघाल्या. गुडघ्यांमुळे मी राहिले. शालनबाईंच्या दाराला मी माझ्या हाताने कुलूप लावलं, किल्ली माझ्याच कमरेला होती. दुपार होती. मी कढई घासत होते आणि सवयीने तोंड चालू होतं, साबण कसा महाग झालाय, घासणी कशी टिकत नाही. मग तसंच, सवयीने, म्हटलं, "अहो, ऐकताय ना?"

टक, टक.

शालनबाईंच्या भिंतीतून की कपाटातून, ते नीट कळलं नाही. मी नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि ओट्याशी उभी राहिले. साडेतीन वाजले होते.

चौकशी केली नाही. पुन्हा अर्ज भरावा लागला असता. मी दोन कप चहा टाकला.